ओट्याखालचे पाय आणि काळी माती

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याच्या परिसरात जमीन काळी, भारी. कपाशी-सोयाबीनला पोसणारी आणि घर बांधणाऱ्याला छळणारी. आता अशा गावांतही मॉड्युलर किचन येऊ लागलं आहे. प्लायवूडची खोकी, त्यांखाली फिरवून वर-खाली होणारे प्लास्टिकचे पाय आणि वर ग्रॅनाइट. बसवताना खोकं डुगडुगलं की दोष लगेच पायांना दिला जातो, ‘प्लास्टिक ते, किती वजन पेलणार?’ हिशेब मात्र वेगळं सांगतो. २० मिलिमीटर जाडीचा, ६० सेंटिमीटर रुंदीचा ग्रॅनाइट मीटरला साधारण ३२ किलो भरतो. तीन मीटरच्या ओट्याला झाले ९७. खाली मीटर-मीटरची तीन खोकी आणि बारा पाय धरले, तर दगडाचे सरासरी आठ किलो एका पायावर येतात. प्लाय, भांडी, डबे धरूनही उभं वजन ही खरी अडचण नव्हेच. पाय मोडतो तो आडव्या धक्क्याने.

खोकं भिंतीकडे सरकवताना जमिनीला टेकलेली पावलं अडतात, वरचा भाग पुढे जातो आणि सगळा पीळ पाय जिथे खोक्याला स्क्रूने धरलाय तिथे येतो. हा पीळ उंचीच्या प्रमाणात वाढतो: १० सेंटिमीटरचा पाय १५ वर नेला की तेवढ्याच धक्क्याला दीडपट. शिवाय पाय जितका बाहेर काढावा तितके आतले आटे कमी धरतात, म्हणून लांब पाय नुसता उंच नसतो, ढिलाही असतो. म्हणूनच खोकं ओढू नये, दोघांनी उचलून ठेवावं आणि पाय शक्य तितके आखूड राहतील असं बघावं. त्यासाठी आधी पाणीनळी लावून फरशीचा सर्वांत उंच कोपरा शोधायचा आणि सुरुवात तिथूनच करायची. मोरीकडे शंभराला एक एवढा उतार असला तरी तीन मीटरमध्ये तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. सुरुवात सखल टोकाकडून केली तर उंच टोकाला पाय आणखी आखूड होत नाही आणि मग सगळी रांगच पुन्हा उचलावी लागते. पाणसळ ठेवून तीन पाय जुळले की पातळी ठरली. चौथा फक्त टेकेपर्यंत फिरवायचा. त्याने खोकं उचलायला गेलात तर शेजारचा एखादा पाय अधांतरी होतो. मग शेजारची खोकी एकमेकांना स्क्रूने जोडायची. अख्खी रांग एक झाली की आडवा धक्का एकट्या पायावर येत नाही.

जुने कारागीर म्हणतील, त्यापेक्षा खाली विटांचा चौथरा बांधा, हलायचा प्रश्नच नाही. भक्कम, पक्क्या फरशीवर त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण काळ्या मातीची परीक्षा प्रयोगशाळेत कशी करतात ते पाहा: वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि २४ तासांनी मातीचं आकारमान मोजतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. काळी माती पाण्यात मात्र चांगलीच फुगते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर होतात. उन्हाळ्यात पाणी गेलं की तीच माती आकसते, भेगाळते. जोत्यात मुरमाऐवजी हीच माती भरली असेल, तर फरशी वर-खाली होणार आणि तिच्याबरोबर चौथराही. फिरवता येणारा पाय निदान पुन्हा जुळवता तरी येतो.

मग खोकी भिंतीलाच घट्ट का ठोकू नयेत? कारण भिंतीचा पाया खोल असतो आणि फरशी भरावावर टेकलेली असते. दोघी एकत्र हलतील याची खात्री नाही. फरशी खचली आणि भिंतीने खोकं धरून ठेवलं तर पाय हवेत लोंबतात, सगळा भार स्क्रूंवर येतो. कोनपट्टी उभ्या, लांबट भोकाची घेतली तर खोकं पुढे झुकत नाही, तरी दोन-चार मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं. भांड्यांनी भरलेली ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली की भार पुढच्या पायांकडे सरकतो, तेव्हा मागे ही पकड हवीच. पहिला पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा ऐन उन्हाळ्यात प्रत्येक पाय हाताने चाचपून सैल असेल तो टेकवावा. त्यासाठी समोरची खालची पट्टी क्लिपवर, काढता येईल अशीच हवी. ती सिलिकॉनने कायमची चिकटवून टाकली, तर फिरणाऱ्या पायांसाठी मोजलेले पैसे वायाच गेले.