नव्या संगणकाचा पहिला श्वास

कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावात एखाद्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून डेस्कटॉप संगणक घरीच जोडला आणि बटण दाबल्यावर पंखे फिरून थांबले, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले व पडदा काही मिनिटे काळाच राहिला, तर ते बिघाडाचेच लक्षण असते असे नाही. संगणकाची कार्यप्रणाली सुरू होण्याआधी मदरबोर्डवरील बायोस हा कायमस्वरूपी साठवलेला छोटा प्रोग्राम प्रत्येक भागाची ओळख पटवून त्याची चाचणी घेतो, आणि नव्या जोडणीत ही ओळख पहिल्यांदाच होत असल्याने तिला वेळ लागतो.

त्यातला सर्वाधिक वेळ रॅम घेते. 2021 च्या अखेरीस डेस्कटॉपवर आलेल्या डीडीआर5 या पिढीतील 6000 वेगाची रॅम प्रत्येक तारेवरून सेकंदाला 600 कोटी बिट पाठवते, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा सहा अब्जावा भाग येतो, आणि तेवढ्या अवधीत विद्युतसंकेत मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषेतून जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. साहजिकच रेषांच्या लांबीतील किंचित फरक, सॉकेटमधील संपर्क आणि तापमान या साऱ्यांचा परिणाम संकेत नेमका केव्हा वाचायचा यावर होतो. म्हणून प्रोसेसर ठरावीक आकृतिबंध रॅममध्ये लिहून व परत वाचून प्रत्येक रेषेसाठी योग्य क्षण आणि योग्य व्होल्टेज शोधतो. या क्रियेला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एखादी मांडणी जमली नाही तर बायोस यंत्र बंद करून नव्याने सुरू करतो, आणि जी गोष्ट पाहणाऱ्याला बिघाड वाटते ती खरे तर शोधाची पुढची पायरी असते. एएमडीच्या एएम5 मदरबोर्डवर रॅम जास्त असल्यास पहिल्या वेळी हे काम कित्येक मिनिटे चालू शकते. या काळात घाबरून वीज तोडली की सारा शोध पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबणे हाच निदानाचा पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

त्यानंतरही पडदा उजळला नाही तर मदरबोर्डवरील चार लहान दिव्यांकडे पाहावे, कारण बहुतेक नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड आणि डिस्क यांपैकी तपासणी कोठे अडली हे ते सांगतात. पंखे फिरतात पण पुढे काहीच घडत नाही, अशा वेळी प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची स्वतंत्र केबल जोडायची राहून गेल्याचे अनेकदा आढळते. रॅमचा दिवा तेवत राहिला तर वीज बंद करून एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत टक असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलल्याखेरीज दोष सापडत नाही.

कळंबच्या परिसरात पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो आणि वादळात वीजपुरवठा क्षणभर खंडित होतो, तेव्हा एसएमपीएसकडेही लक्ष द्यावे लागते. घरातील 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून 12, 5 आणि 3.3 व्होल्टची दिष्ट वीज बनवणारा हा भाग व्होल्टेज स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांनी, मदरबोर्डला सज्जतेचा संकेत देतो, आणि तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरू करत नाही. 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, तर पूर्ण भार असताना एसएमपीएस साठवलेल्या ऊर्जेवर सुमारे 16 मिलिसेकंद तग धरतो; त्यामुळे दिवा क्षणभर मंद होण्याइतका खंडही संकेत तोडून यंत्र पुन्हा सुरू करण्यास पुरेसा ठरतो. जोडणी निर्दोष असूनही यंत्र अधूनमधून असे वागत असेल, तर ते यूपीएसवर चालवून पाहावे, आणि बायोस अद्ययावत करताना तर यूपीएस असावाच, कारण त्या काळात वीज गेल्यास हा प्रोग्राम अर्धवट लिहिला जाऊन बोर्ड सुरूच न होण्याचा धोका असतो.