इंग्लंडमधील सायकल-पर्यटनाचे मार्ग : भूरूप, इतिहास आणि अधिकार

इंग्लंडच्या दक्षिण, मध्य व पूर्व भागांतील ग्रामीण प्रदेशास 'सौम्य' हे विशेषण नेहमी लावले जाते. चित्रकाराच्या वा पादचाऱ्याच्या दृष्टीने ते यथार्थ असेलही; परंतु सामानासह सायकलवरून अनेक दिवसांचा प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीने ते बरेच संदिग्ध ठरते. कॉट्सवोल्ड टेकड्यांचे सर्वोच्च स्थान क्लीव्ह हिल अवघे ३३० मीटर उंच आहे, आणि सफोक परगण्यातील सर्वोच्च भूमी सुमारे १२८ मीटरांची. या आकड्यांवरून दोन्ही प्रदेश सायकलस्वारास सुगम असावेत असे वाटते. प्रत्यक्षात मात्र एकाच प्रदेशात दहा मैलांचा एक मार्ग विश्रांतीसारखा, तर तितक्याच लांबीचा दुसरा दमछाक करणारा असू शकतो. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार केल्यास असे दिसते की, मार्गाची सौम्यता हा केवळ भूमीचा गुण नव्हे. भूरूपाशी असलेला रस्त्याचा संबंध, त्या रस्त्याचा इतिहास आणि त्यावरून जाण्याचा कायदेशीर अधिकार या तिन्ही गोष्टींच्या संयोगातून ती निर्माण होते.

प्रथम चढाचा विचार करू. स्वार, सायकल व सामान मिळून ९० किलोग्रॅम वजन गृहीत धरले, तर १०० मीटर उंची गाठण्यास सुमारे ८८ किलोजूल कार्य करावे लागते. चढ लांब असो वा आखूड, हे कार्य तेवढेच राहते. बदलते ती त्यासाठी लागणारी शक्ती. विसास एक या प्रमाणाचा चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढताना केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १२० वॅट शक्ती खर्च होते. सातास एक असा चढ असेल, तर वेग ताशी ६ किलोमीटरपर्यंत उतरवूनही ती २०० वॅटांच्या वर जाते. हवेचा व रस्त्याचा विरोध याहून निराळा. सामान्य प्रकृतीच्या माणसास तासन्‌तास पुरविता येणारी शक्ती शंभर वॅटांच्या आसपास असते, हे लक्षात घेता तीव्र चढ इतका असह्य का होतो ते स्पष्ट होईल. उतारावर ही सर्व ऊर्जा परत मिळते असेही नाही. तिचा बराच भाग हवेच्या विरोधात, आणि वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर तर ब्रेकमध्ये, वाया जातो. म्हणूनच मार्ग आखताना सर्वोच्च बिंदूपेक्षा चढांची संख्या व त्यांची तीव्रता यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

कॉट्सवोल्डची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. जुरासिक काळातील चुनखडकाचे हे थर आग्नेयेकडे मंदपणे कललेले आहेत. त्यामुळे वायव्येस सेव्हर्नच्या खोऱ्याकडे एक उभा कडा, तर आग्नेयेस थेम्सकडे उतरत जाणारी दीर्घ उतरण तयार झाली आहे. विंडरश, कोल्न, लीच व ईव्हनलोड या नद्या याच उतरणीवरून वाहत जाऊन थेम्सला मिळतात. अर्थात्, नदीच्या दिशेने जाणारा रस्ता सुगम, तर नद्यांना आडवा छेदून जाणारा रस्ता कष्टाचा होतो. बोर्टन-ऑन-द-वॉटरहून रिसिंग्टन, बॅरिंग्टन, टेंटन या गावांवरून बर्फर्डला जाणारा मार्ग विंडरशचे खोरे सोडीत नाही. उलट बर्फर्डहून बायबरीस जाणाऱ्यास माथ्यावर चढून, लीच ओलांडून, पुन्हा कोल्नच्या खोऱ्यात उतरावे लागते. रोमनांनी बांधलेला फॉस वे हा रस्ता याचे ठळक उदाहरण होय. एक्सिटरपासून लिंकनपर्यंत गेलेल्या या रस्त्याने सरळपणा हेच मुख्य तत्त्व मानले. साहजिकच सायरेन्सेस्टर ते स्टो या टप्प्यात त्यास खोऱ्यांमागून खोरी ओलांडावी लागली. फॉसब्रिज येथे तो कोल्नच्या खोऱ्यात एकदम उतरतो आणि लगेच वर चढतो. सैन्याच्या कूचासाठी योग्य असलेली रेषा सायकलस्वारासाठी योग्य असतेच असे नाही.

सफोकमध्ये उंच कडे नाहीत. हिमयुगात साचलेल्या मातीचे पठार व त्यात नद्यांनी कोरलेली उथळ खोरी असे तेथील भूरूप आहे. येथे फसगत होते ती नकाशामुळे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्चरेषांमधील अंतर १० मीटरांचे असते, दोन रेषांच्या दरम्यान सामावणारे चढउतार त्यात दिसतच नाहीत. लॅव्हनहॅमहून ब्रेट नदीच्या काठाकाठाने हॅडलीकडे जाणारा प्रवासी सुखाने जातो. परंतु बाजूच्या लहानशा खोऱ्यातील कर्सी गावी वळला, की पाण्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस असलेले चढ त्यास आपल्या नकाशावाचनाचा फेरविचार करावयास लावतात. तीव्र चढांची सूचना मात्र हे नकाशे देतात. सातास एक ते पाचास एक या प्रमाणासाठी एक बाण आणि त्याहून तीव्र चढासाठी दोन बाण रस्त्यावर काढलेले असतात. बाणाचे टोक उताराकडे असते.

तथापि, भूरूप हा विषयाचा अर्धाच भाग झाला. या मार्गांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे लहान रस्त्यांचे दाट जाळे. ऑलिव्हर रॅकहॅम यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडच्या सखल भागाचे 'प्राचीन' व 'नियोजित' असे दोन ग्रामीण प्रदेश मानले आहेत. केंट, एसेक्स, सफोक, हेरेफर्डशर येथे विखुरलेल्या वाड्या, वेड्यावाकड्या सीमा आणि शतकानुशतके वापरात असलेल्या वळणदार वाटा आढळतात. मध्य इंग्लंडच्या बऱ्याच भागात मात्र अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांन्वये खुली शेते कुंपणबंद झाली, आणि जमिनीची मोजणी करणाऱ्यांनी सरळ व दोन्ही बाजूंस रुंद गवताळ पट्टे असलेले रस्ते आखून दिले. पहिल्या प्रकारात सावली व निवारा मिळतो, परंतु पुढील वळणापलीकडचे काही दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात दृष्टी मोकळी राहते, परंतु वाऱ्यापासून संरक्षण नसते. इंग्लंडमध्ये वारे बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतात. म्हणून अनेक दिवसांच्या प्रवासाची दिशा ईशान्येकडे ठेवणे हितावह ठरते.

या रस्त्यांचा सायकलशी संबंध एका आर्थिक स्थित्यंतरातून आला. रेल्वे आल्यानंतर घोडागाड्यांची लांब पल्ल्याची वाहतूक संपुष्टात आली व मोठमोठे हमरस्ते ओस पडले. नेमक्या याच पोकळीत सायकलचा प्रवेश झाला. १८७८ साली हॅरोगेट येथे सायकल-पर्यटकांची संस्था स्थापन झाली. १८८३ पासून ती सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने ओळखली जाऊ लागली. १८८५ ची स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आणि १८८८ चा डनलॉपचा हवेचा टायर यांनी हा प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. धोक्याच्या उतारांवर सूचनाफलक लावणे, विश्वासार्ह खानावळींना पंख असलेल्या चाकाचे चिन्ह देणे, बार्थोलोम्यूच्या अर्धा इंची नकाशांच्या दुरुस्तीस माहिती पुरविणे ही कामे या संस्थेने केली. उंचीनुसार रंगछटा दिलेले ते नकाशे कित्येक दशके सायकलस्वारांच्या पिशवीत असत.

अधिकाराचा प्रश्नही याच काळात सुटू लागला. १८८८ च्या स्थानिक शासनविषयक कायद्याने सायकल ही 'गाडी' ठरविली. त्यामुळे तिला रस्त्यावर निर्विवाद स्थान मिळाले, परंतु पायवाटा तिला बंद राहिल्या. १९६८ च्या कायद्याने घोडेस्वारांसाठीच्या वाटा सायकलींना खुल्या केल्या. मात्र पादचारी व घोडेस्वार यांना वाट देण्याचे बंधन घातले. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांनी तिसरे साधन पुरविले. वाफेच्या इंजिनास तीव्र चढ झेपत नसल्यामुळे अभियंत्यांनी डोंगर कापून व दऱ्या भरून जी मंद चढण साधली होती, तीच पुढे सायकलच्या उपयोगी पडली. डर्बीशरमधील १९६७ साली बंद झालेला मार्ग १९७१ मध्ये टिसिंग्टन ट्रेल म्हणून खुला झाला; ब्रिस्टल ते बाथ हा तेरा मैलांचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात सिद्ध झाला. येथे प्रदेश डोंगराळ असूनही मार्ग सौम्य राहतो, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय.

या विवेचनावरून हेही ध्यानात येईल की, सौम्य मार्गाच्या घटकांपैकी भूरूप हाच काय तो स्थिर घटक आहे. गावरस्त्यांची शांतता हा वाहतूक अन्यत्र वळल्याचा परिणाम होता. ती कोणी हेतुपुरस्सर निर्माण केलेली नव्हती, आणि म्हणूनच तिला फारसे संरक्षणही नाही. इंग्लंडमध्ये एकपदरी गावरस्त्यावरही, वेगळी मर्यादा घातलेली नसेल तर, मोटारींना ताशी ६० मैल वेगाची मुभा असते. २००० च्या वाहतूक कायद्याने काही रस्ते 'शांत गावरस्ते' म्हणून निर्देशित करण्याची सोय केली; परंतु असा निर्देश आपोआप वेगमर्यादा बदलीत नाही. सस्ट्रान्स या नावाने परिचित असलेल्या संस्थेने तर २०२० साली स्वतःच उभारलेल्या राष्ट्रीय सायकल-जालातून सुमारे एक चतुर्थांश लांबीचे मार्ग वगळले अथवा त्यांचे वर्गीकरण बदलले. वाहनांची वर्दळ व वेग यांमुळे ते अननुभवी स्वारांस सुरक्षित राहिले नव्हते, हे त्यामागील प्रमुख कारण. त्या रस्त्यांचा चढ पूर्वीइतकाच मंद होता, कुंपणेही तीच होती. नकाशावरील समोच्चरेषांत एका रेषेचाही फरक पडला नव्हता. मार्गाच्या सुगमतेचा अभ्यास केवळ भूरूपाच्या आधारे करणे अपुरे का ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.