मोटारीच्या सुकाणू भागांची निवड : नवे, पुनर्निर्मित की दुरुस्त? (पडघा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात मुंबई-नाशिक महामार्गावर पडघा हे गाव वसलेले आहे. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारी मालवाहू वाहने, नाशिककडे निघालेल्या खासगी मोटारी आणि खेड्यापाड्यांतील प्रवासी गाड्या यांची येथून सतत ये-जा असते. पावसाळ्यातील खड्डे आणि पुढे कसारा घाटातील वळणे यांचा ताण वाहनाच्या ज्या भागांवर पडतो, त्यांपैकी एक म्हणजे सुकाणू, अर्थात स्टिअरिंग. हा भाग झिजल्यावर वाहनधारकापुढे तीन पर्याय असतात : नवा, पुनर्निर्मित किंवा दुरुस्त केलेला भाग. या पर्यायांतील नेमका फरक कोणता व निवड कोणत्या निकषावर करावी, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पना :
१) नवा भाग : वाहन उत्पादकाने आपल्या नावाने विकलेला किंवा स्वतंत्र कंपनीने बाजारासाठी तयार केलेला भाग. भारतात राणे (मद्रास) आणि जेटेक्ट इंडिया (२०१८ पर्यंत सोना कोयो स्टिअरिंग सिस्टिम्स) या कंपन्या सुकाणू भागांच्या निर्मितीत आहेत. नाममुद्रेची नक्कल केलेला बनावट मालही ‘नवा’ म्हणूनच विकला जातो, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.
२) पुनर्निर्मित भाग : जुना भाग पूर्ण सुटा करून, झिजणारे सर्व घटक बदलून, मोजमापे मूळ प्रमाणाइतकी आणून व चाचणी घेऊन तयार केलेला भाग. यासाठी जुना भाग परत द्यावा लागतो. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ योजना याच तत्त्वावर चालते.
३) दुरुस्त म्हणजे रिकंडिशन्ड भाग : यात जे बिघडले तेवढेच बदलले जाते. ऑइल सील व बुश नवे घातले, तरी रॅकचे दाते आणि बेअरिंग जुनेच राहू शकतात. रंग दिलेल्या बाह्य स्वरूपावरून आतील झीज कळत नाही.

विवेचन :
किंमत हाच निकष मानला, तर दुरुस्त भाग साहजिकच पुढे येतो. परंतु सुकाणूच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळा आहे : भाग चालत्या गाडीत निकामी झाला, तर चालकाच्या हाती काय उरते? ब्रेक कमी लागला तर हँडब्रेक व गिअर यांचा काही आधार असतो. टाय रॉड एंडचा किंवा बॉल जॉइंटचा गोळा खोबणीतून निसटला, तर चाक आणि चालकाचा हात यांतील दुवाच तुटतो. दुसरी संधी मिळत नाही. याउलट पॉवर स्टिअरिंगचा पंप बंद पडल्यास चक्र जड होते, पण गाडी वळवता येते. म्हणून निवड संपूर्ण संचाची एकत्र न करता भागागणिक करणे श्रेयस्कर ठरते.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, ड्रॅग लिंक हे जोडभाग नेहमी नवे व खात्रीचेच घ्यावेत. वाकलेला रॉड तापवून सरळ करणे किंवा वेल्डिंग करणे घातक आहे. कारण उष्णतेने पोलादावरील मूळ उष्णता-प्रक्रियेचा परिणाम बदलतो आणि त्याची ताकद घटते.

रॅक आणि अवजड वाहनांचा स्टिअरिंग बॉक्स महाग असल्यामुळे येथे पुनर्निर्मित भाग विचारात घेता येतो. मात्र चाचणीची नोंद, हमीपत्र व पक्के बिल यांशिवाय तो स्वीकारू नये. पंपातून केवळ तेल गळत असल्यास सील बदलून केलेली दुरुस्ती पुरेशी ठरू शकते. पण पंप घरघर करीत असेल वा तेलात धातूचा कीस आढळत असेल, तर टाकी व नळ्या धुऊन पंपच बदलावा. तो कीस आत राहिला, तर नवा पंपही खराब होतो. विद्युत स्टिअरिंगमध्ये मोटर, टॉर्क सेन्सर व संगणकीय नियंत्रक परस्परांशी जुळवलेले असतात. त्यामुळे भंगारातील भाग बसवणे धोक्याचे असून नवा किंवा उत्पादकमान्य पुनर्निर्मित भागच योग्य होय.

कायदेशीर बाजू :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार सुकाणूचक्रातील ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. बॉल जॉइंटना रबरी टोप्या असणे आणि बोल्ट अगर पिनांचे जोड पक्के अडकवलेले असणेही बंधनकारक आहे. ३८ सें.मी. व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे १० सें.मी. होतात. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, सुरक्षिततेची खूण नव्हे. लहान मोटारीत याच्या निम्मी ढिलाई जाणवली तरी तपासणी करून घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष वस्तूंबाबत उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा यांच्या दायित्वाची तरतूद आहे. मात्र भागाचे स्वरूप नमूद केलेले बिल नसल्यास दाद मागणे कठीण जाते.

बसविल्यानंतर :
कोणताही पर्याय निवडला, तरी नवी स्प्लिट पिन, अखंड रबरी बूट, योग्य प्रतीचे तेल व चाकांचे अलाइनमेंट या गोष्टी अनिवार्य आहेत. टायर एका बाजूने झिजत असल्यास काम अपुरे राहिले असावे, असे समजावे.

निष्कर्ष :
पुनर्निर्मितीमुळे धातूची व ऊर्जेची बचत होते आणि खर्चही घटतो. म्हणून ती सरसकट त्याज्य नाही. तथापि जेथे भाग तुटताच नियंत्रण संपते तेथे नवा, जेथे चाचणीचा पुरावा मिळतो तेथे पुनर्निर्मित आणि जेथे बिघाड केवळ तेलगळतीपुरता आहे तेथेच दुरुस्त, हा क्रम पाळावा. महामार्गालगतच्या पडघ्यासारख्या गावात वाहन हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. सुकाणूवर वाचवलेले पैसे एका अपघातात कैकपटींनी परत द्यावे लागतात, हे लक्षात घेऊनच निर्णय घेणे हिताचे ठरेल.