भेक इथला, गोगलगाय परकी

पावसाने जोर धरला की मुंबईत जोगेश्वरी पूर्वेला, आरेच्या जंगलाच्या अंगाला असलेल्या सोसायट्यांच्या आवारात रात्री दोन प्राणी हमखास दिसतात. एक, दिव्याखाली पडलेले किडे टिपणारा, खरखरीत कातडीचा बेडूक, म्हणजेच भेक. दुसरी, ओल्या भिंतीवर चढत जाणारी तळव्याएवढ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय. किळस दोघांचीही केली जाते, पण त्यातला भेक आपला आहे.

त्याला जवळून पाहा. डोळ्यांच्या मागे दोन लांबट फुगवटे दिसतील, त्या विषग्रंथी. कुत्र्याने त्याला तोंडात धरले की त्यांतून पांढरा चिकट स्राव पाझरतो आणि कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. हे विष पेशींमधला, क्षारांची ने-आण करणारा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडते, त्यामुळे हृदयाची लय बिघडते. दक्षिण अमेरिकेतले रंगीत विषारी बेडूक मुंग्या आणि माइटसारखे जीव खाऊन विष साठवतात. बंदिवासात वाढलेल्यांच्या अंगात ते नसतेच. भेक मात्र आपले विष कोलेस्टेरॉलपासून स्वतः घडवतो. आशियातल्या घोरपडींच्या पंपाची घडण थोडी वेगळी असल्याने त्या हे विष पचवतात. त्यामुळे भेकांच्या संख्येला आळा बसायला मदत होते.

गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. शंख-गोगलगायींचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी 1847 मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली. विष नाही, दंश नाही. तिचे बळ वेगळेच. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते आणि एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. कोरड्या दिवसांत शंखाच्या तोंडावर स्रावाचा पडदा ओढून ती महिनोन् महिने पडून राहते. भारद्वाज तिला खातो, पण तो किती पुरणार?

गोगलगायीसारखाच आपला हा आशियाई भेकही परक्या भूमीत पोचला आहे. 2014 मध्ये तो मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ आढळला. तिथल्या बहुतेक भक्षकांच्या पंपात घोरपडीसारखा बदल नाही. भेक खाणे त्यांच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या आवारातल्या गोगलगायी हातमोजे घालूनच वेचा, कारण उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत त्यांच्यामार्फत माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. त्यांच्यावर मीठ मात्र टाकू नका. भेक कातडीतून पाणी शोषतो. खारावलेली माती त्याच्याही जिवावर उठते. पालापाचोळ्याखाली आणि कुंड्यांच्या बुडाशी गोगलगायीच्या पिवळट अंड्यांचे पुंजके सापडले, तर तेही काढून टाका.