जीन्स झिजते कुठे, आणि का

रस्त्यावरच्या कपड्यांच्या बाजारात ट्रायल रूम नसते. विक्रेता जीन्सचं बटण लावतो, कमरपट्टी गिऱ्हाइकाच्या मानेभोवती गुंडाळतो आणि टोकाला टोक भिडलं की म्हणतो, “घ्या, बिनधास्त बसेल.” मानेचा घेर कमरेच्या निम्मा असतो, हे यामागचं गणित. सडपातळ तरुणाच्या बाबतीत ते कधी कधी जुळतंही. पण पोट सुटलं की कंबर वाढते आणि मान जवळपास तेवढीच राहते. शिवाय आजच्या बहुतेक जीन्स खऱ्या कमरेवर बसतच नाहीत, त्या बेंबीच्या बऱ्याच खाली टेकतात. आणि मान मांडीबद्दल काहीच सांगत नाही. जीन्स किती वर्षं टिकणार हे मात्र मांडीपाशीच ठरतं.

टिकाऊपणा म्हणजे कापडाचा दर्जा आणि फिटिंग म्हणजे दिसण्याची हौस, अशी आपण दोन्हींची फारकत करतो. मला हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वाटतो. पुरुषांची रोजच्या वापरातली जीन्स बहुधा दोन पायांच्या जोडाखाली, मांडीच्या आतल्या बाजूला जाते. चालताना तिथे कापडावर कापड घासतं, घामाने ते ओलं राहतं, आणि मोटरसायकलवर टांग टाकताना त्याच शिवणीवर ताण येतो. बैठक, म्हणजे कमरपट्टीपासून त्या जोडापर्यंतची खोली, कमी पडली तर प्रत्येक वेळी बसताना शिवण ओढली जाते. बैठक जास्त असेल किंवा कंबर सैल असल्याने जीन्स घसरत असेल, तर जोड मांड्यांमध्ये लोंबतो आणि पावलागणिक घासतो. दोन्ही प्रकारांत भोक एकाच जागी पडतं.

म्हणून आरशासमोर नुसतं उभं राहून जीन्स कळत नाही. ती घालून उकिडवं बसा, एक पाय स्टुलावर ठेवा, दहा पावलं चाला. जोडापाशी कापडाच्या आडव्या ताणरेषा दिसल्या तर बैठक किंवा मांडी कमी आहे. साध्या सुती जीन्समध्ये मांडीवर इंचभर कापड चिमटीत यायला हवं. यात सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे आल्टरेशनची मर्यादा ओळखणं. कंबर इंचभर आत घेता येते, लांबी हवी तेवढी कापता येते. मांडी आणि बैठक वाढवता येत नाही, कारण तयार जीन्सच्या शिवणीत जास्तीचं कापड सोडलेलंच नसतं. जाड मांड्यांच्या माणसाने मांडीला नीट बसणारी जीन्स घ्यावी आणि कंबर शिंप्याकडून आवळून घ्यावी. बरेच जण कंबर बघून घेतात आणि मांडी ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर राहतात. सैल होण्याआधी ती उसवते.

लेबलवरच्या ३४ वर विसंबणंही धोक्याचं. २०१० मध्ये ‘एस्क्वायर’ या अमेरिकी मासिकाने वेगवेगळ्या ब्रँडच्या ३६ कंबरेच्या पँट टेपने मोजल्या, तर त्या ३७ पासून ४१ इंचांपर्यंत भरल्या. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असं वाटावं, म्हणून आकडा लहान छापण्याची ही पद्धत. घरी जी जीन्स अंगाला उत्तम बसते ती सपाट पसरून कंबर, मांडी, बैठक आणि आतली लांबी मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ऑनलाइन घेताना त्या चार मापांइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही.

आता कापड. ‘जितकं जाड तितकं टिकाऊ’ हे अर्धंच खरं आहे. डेनिमचं वजन चौरस यार्डाला किती औंस, असं मोजतात. १२ औंसाचं कापड चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम भरतं. एकाच प्रतीच्या सुताचं १२ औंसाचं कापड ९ औंसाच्या कापडापेक्षा जास्त घर्षण सोसतं, हे बरोबर. पण आखूड धाग्याच्या कापसाचं जाड कापडही लवकर विरतं. आणि कोकणच्या दमट हवेत १४ औंसाची जीन्स दोन दिवस वाळत नाही, मग ती कपाटातच पडून राहते. मी तिथल्या माणसाला १० ते १२ औंस सुचवेन. इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, १ ते २ टक्के असलं तर हालचाल सोपी होते. त्याहून बरंच जास्त असेल तर गरम इस्त्री, गरम पाणी आणि वापर यांनी त्याची परत आवळण्याची ताकद संपते आणि गुडघे फुगतात.

पायाच्या आत लाल रेघेची किनार दिसली म्हणजे जीन्स मजबूत, ही समजूत शौकिनांत पक्की आहे. ती किनार एवढंच सांगते की कापड जुन्या धाटणीच्या, धोट्याच्या अरुंद मागावर विणलंय. तसंच, चांगलं डेनिम परदेशातूनच येतं असंही नाही. अहमदाबादची अरविंद आणि यवतमाळची रेमंडची गिरणी हे कापड आपल्या शेजारीच विणतात.

रिवेटांबद्दलही थोडं. नेवाडातल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस मजुरांच्या पँटच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट ठोकत असे. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासोबत त्याला २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. खिसे फाटण्याचा प्रश्न तिथे सुटला. मांडीला रिवेटचा उपयोग नाही. तिथे शिवण उलटून पाहावी. कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टीप मारलेली असेल तर उत्तम. नुसतं ओव्हरलॉक असेल आणि दोन्ही बाजू ओढल्यावर टाक्यांमध्ये फट दिसली, तर ब्रँड कोणताही असो, ती ठेवून द्यावी.

‘आधीच फाटलेली फॅशन’ सोडा, पण नुसती जुनाट, फिकट दिसणारी जीन्सही नवी नसते. तिला दगडांनी घुसळलेलं असतं, ब्लीच किंवा पोटॅशियम परमँगनेट लावलेलं असतं, आणि यातला प्रत्येक उपचार सुताची ताकद खातो. त्याची किंमत इतरांनीही मोजली आहे. वाळूच्या फवाऱ्याने जीन्स घासणाऱ्या तुर्कस्तानातल्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला आणि २००९ मध्ये तिथे ते काम बंद करावं लागलं. उल्हासनगरच्या जीन्स वॉशिंग कारखान्यांचं निळं पाणी वालधुनी नदीने वर्षानुवर्षं पोटात घेतलंय. टिकाऊ हवी असेल तर गडद, कमीत कमी धुलाई झालेली घ्या.

घरी आणल्यावर पहिला सल्ला मिळतो तो रंग टिकवण्यासाठी मिठाच्या पाण्याचा. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती उभ्या धाग्यांच्या वरच्या थरावर बसलेली असते आणि आतला गाभा पांढराच राहतो. मीठ किंवा व्हिनेगर तिला पक्कं करत नाही. रंग जातो तो घासण्याने, म्हणून उलटी करून, थंड पाण्यात, ब्रश न लावता धुवावी. दुसऱ्या टोकाचा सल्ला म्हणजे धुवायचीच नाही, फ्रीजरमध्ये ठेवायची. थंडीने जीवाणू मरत नाहीत, बहुतेक नुसते निपचित पडतात. आणि घामाचं मीठ व धूळ सुतात साठली की आतून घासतच राहते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाच-सहा वेळा घातल्यावर धुणं योग्यच.

महिन्यातून एकदा मांडीचा भाग उजेडासमोर धरा. निळे उभे धागे झिजले की खालचे पांढरे आडवे धागे वर दिसू लागतात. रफू करायची वेळ हीच. आतून जुन्या डेनिमचा पातळ तुकडा लावून वरून दाट उभी टीप मारायला शिंप्याला फारसा वेळ लागत नाही. भोक पडेपर्यंत थांबलात, तर टाका धरायला भोवतालचं कापडही पुरेसं दमदार उरलेलं नसतं.