नारिंगी तारेची ओळख

विज्ञान हा माझा विषय नव्हे. शाळेत मी मराठी व इतिहास शिकविते, आणि विजेशी माझा संबंध दिवा लावण्यामालवण्यापलीकडे कधी गेला नव्हता. तेव्हा विजेच्या मोटारीवर मी लेख लिहावा हे पाहून माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना हसू येईल. पण गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग असा घडला की, या विषयाची माहिती करून घेतल्यावाचून मला राहवेना; आणि ज्यांच्या घरी वडील, काका अथवा थोरला भाऊ गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो, अशा मुलांची आपल्या शाळेत वाण नसल्यामुळे ती माहिती आपल्यापाशीच ठेवणेही बरे वाटेना.

माझ्या मामांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. चाळीस वर्षे त्यांनी पेट्रोलच्या व डिझेलच्या गाड्या उघडल्या आणि मिटल्या. त्यांच्या कामात वीज म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी. तिच्यात जीव आहे की नाही हे पाहावयाचे झाले, तर दोन तारांची टोके क्षणभर एकमेकांना लावून ते ठिणगी पाडून पाहतात. सारेच जुने मेकॅनिक असे करतात. १२ व्होल्टने कोरड्या हाताला धक्का बसत नाही, आणि म्हणून त्या हाताला विजेची भीती अशी कधी शिकावीच लागत नाही.

त्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ आपली विजेची मोटार घेऊन आले. आतली हवा गार होत नाही, एवढीच तक्रार. हवा गार करणाऱ्या यंत्राचा कॉम्प्रेसर मामांना नवा नव्हता. त्यांनी पुढचे झाकण उघडले, कॉम्प्रेसर शोधला, आणि त्याला जोडलेल्या जाड नारिंगी तारेच्या जोडणीला हात घातला. दैवाने माझा एक माजी विद्यार्थी तेथे उभा होता. आय.टी.आय.चे शिक्षण घेऊन तो आता अशाच गाड्यांच्या एका कार्यशाळेत नोकरी करतो. तो एवढ्या मोठ्याने ओरडला की, मामांच्या हातातला पाना खाली पडला. "मामा, हात मागे घ्या! गाडी चालू आहे!"

मामांना ते पटेना. यंत्राचा आवाज नाही, थरथर नाही, मग गाडी चालू कशी? परंतु ती खरोखरच चालू होती. पेट्रोलची गाडी जागी असली म्हणजे ती बोलते. विजेची गाडी जागी असली तरी मूग गिळून बसते. पुढल्या फलकावरचा एक लहानसा दिवा काय तो सांगणार, आणि तो पाहण्याची सवय मामांना नव्हती.

नंतर एका सुटीच्या दिवशी त्या विद्यार्थ्याने मामांना व मला आपल्या कार्यशाळेत नेले व सर्व समजावून सांगितले. त्याने सांगितले त्याला मी पुस्तकांतून वाचलेल्याची थोडी जोड देत आहे.

उदाहरणासाठी जपानातील निसान कंपनीची 'लीफ' ही मोटार घेऊ. ती २०१० सालच्या डिसेंबरात बाजारात आली, आणि तिच्या रचनेची माहिती पुष्कळ ठिकाणी प्रसिद्ध झालेली आहे. पहिल्या 'लीफ'च्या बॅटरीत १९२ घट होते. दोन दोन घट बाजूबाजूला जोडून अशा ९६ जोड्यांची एकापुढे एक साखळी केलेली होती. एका घटाचे विद्युद्दाब सुमारे पावणेचार व्होल्ट; म्हणजे साखळीचे ३६० व्होल्ट झाले. एकेक घट टॉर्चच्या सेलासारखा निरुपद्रवी, पण सगळ्यांनी हात धरले की घरातल्या २३० व्होल्टच्या विजेहून अधिक दाब तयार होतो. अलीकडे काही गाड्यांत तो ८०० व्होल्टच्या आसपासही असतो. उलट, २००१ साली बंगळूरात निघालेल्या 'रेवा' या छोट्या भारतीय विजेच्या मोटारीत ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या होत्या, म्हणजे अवघे ४८ व्होल्ट. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एकदिश विजेचा दाब ६० व्होल्टच्या वर गेला की गाडीतील ती यंत्रणा उच्च दाबाची समजावयाची. तिच्या तारांना नारिंगी रंगाचे वेष्टन असते. तो रंग शोभेकरिता नाही हे मामांना आता ठाऊक झाले आहे.

३६० व्होल्ट अंगावर आले तर काय होईल, हे नववीच्या मुलांनाही गणिताने सांगता येईल. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, हा ओहमचा नियम. माणसाच्या कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. परंतु आपल्याकडच्या पावसाळ्यात, घामेजलेल्या हातांनी, तो सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येतो असे धरावयास हरकत नाही. ३६० ला १,००० ने भागा: ०.३६ अँपिअर, म्हणजे ३६० मिलिअँपिअर. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर प्रयोग करून असे दाखविले की, घरातल्यासारख्या प्रत्यावर्ती विजेचा प्रवाह सरासरीने पुरुषांत १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरच्या पुढे गेला की, स्नायू आखडून हातात धरलेली तार माणसाला सोडता येत नाही. बॅटरीची एकदिश वीज सोडवून घेण्यास काहीशी सोपी असते हे खरे, परंतु ३६० मिलिअँपिअरपुढे त्या सवलतीचा काही उपयोग नाही. हृदयाची लय बिघडावयास तेवढा प्रवाह पुरेसा आहे.

एकदिश विजेचा आणखी एक वाईट गुण आहे. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून जोडणी तोडताना निघालेली ठिणगी लवकर विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. प्रवाह चालू असताना नारिंगी जोडणी उपटली, तर ठिणगीची कमान होते, ती लांबत जाते, आणि धातू वितळवून हात व डोळे भाजते. यावर उपाय म्हणून जोडणीच्या आतून एक बारीक, कमी दाबाची तार फिरविलेली असते. जोडणी सैल होऊ लागताच ही बारीक तार आधी तुटते, आणि मुख्य वीज बंद व्हावी असा संदेश जातो. योजना हुशारीची आहे. पण त्या एका बारीक तारेच्या भरवशावर जोडणीला हात घालावा असा तिचा अर्थ नव्हे.

मला सर्वांत नवल वाटले ते दुसऱ्याच एका गोष्टीचे. तारेवर बसलेला कावळा मरत नाही, कारण तो एकाच तारेला शिवलेला असतो. प्रवाहाला जावयास वाट नसते. या गाड्यांतही उच्च दाबाची दोन्ही टोके गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून अलग राखलेली असतात. त्यामुळे एका तारेचे वेष्टन कुरतडले जाऊन ती सांगाड्याला लागली, तरी लगेच काही होत नाही. भीती येथेच आहे. पहिला दोष मुकाट्याने बसून राहतो, आणि दुसऱ्या तारेला कोणाचा हात लागला की, तोच हात मंडल पूर्ण करतो. म्हणून गाडीच स्वतःचे रोधन सतत मोजीत असते. एकदिश यंत्रणेत दर व्होल्टमागे निदान १०० ओहम रोध असावा असा दंडक आहे. ३६० व्होल्टला ३६,००० ओहम झाले. पुन्हा भागाकार करून पाहा: जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर गळू शकतील. दंडक करणाऱ्यांनी हा आकडा उगाच घेतलेला नाही.

याच संदर्भात मामांच्या उपयोगाची एक गोष्ट निघाली. विजेच्या गाडीतला कॉम्प्रेसर उच्च दाबावर चालतो, आणि त्याची विद्युत्‌ मोटर वंगणाच्या तेलातच भिजत असते. त्यासाठी वीज न वाहणारे एस्टर जातीचे तेल घालावे लागते. साध्या गाड्यांत सर्रास वापरतात ते पी.ए.जी. तेल थोडे जरी त्यात मिसळले, तरी रोधन ढासळते. मामांच्या दुकानात त्या तेलाचे डबे फळीवर ओळीने ठेवलेले आहेत. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. कार्यशाळेतली गाडी 'लीफ' नव्हती, तरी क्रम तोच होता. आधी विद्यार्थ्याने मनगटावरचे घड्याळ व बोटातली अंगठी काढून ठेवली. अंगठी काढण्याचे कारण मामांनीच मला सांगितले: १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, पण पाना आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये अंगठी सापडली, तर ती क्षणात लाल होते. त्यांच्या बोटावर त्याची खूण आहे. लहानपणी आम्हांला ती खूण लढाईतली वाटे. मग गाडीला चार्जिंगची तार जोडलेली नाही ना ते पाहिले, गाडी बंद केली, आणि किल्ली दूरच्या पेटीत कुलपात ठेवली. खिशातल्या किल्लीने गाडी पुन्हा जागी होऊ शकते.

यानंतर १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडविली. होय, या गाड्यांतही ती लहान बॅटरी असतेच, आणि तिचे काम मोठे आहे. मुख्य बॅटरीची वीज बाहेर सोडणारे काँटॅक्टर नावाचे दरवाजे तिच्याच बळावर उघडे राहतात. तिचा आधार गेला की ते आपोआप मिटतात. मग हातमोजे. रबराचे, १,००० व्होल्टला टिकणारे, व त्यावर चामड्याचा दुसरा जोड. घालण्यापूर्वी त्याने प्रत्येक मोज्याचे तोंड गुंडाळून आत हवा कोंडली व तो गालाजवळ धरला. सुईएवढे छिद्र असले तरी गालाला हवा लागते. मुले फुगा तपासतात तसाच हा प्रकार. मात्र येथे फुटका फुगा प्राणावर बेततो. मग त्याने सर्व्हिस प्लग उपटला. बॅटरीच्या साखळीतला हा एक दुवा असतो. तो काढून त्याने स्वतःच्या खिशात घातला, म्हणजे दुसऱ्या कोणी तो नकळत परत बसवू नये.

"आता झाले ना?" मी विचारले.

"नाही बाई, आता थांबायचे."

हे थांबणे कशासाठी? मोटर चालविणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये धारित्रे असतात, आणि बॅटरी तुटली तरी त्यांच्यात वीज साठून राहते. 'लीफ'साठी प्लग काढल्यावर १० मिनिटे थांबावे अशी सूचना आहे. इतर गाड्यांची वेळ त्यांच्या त्यांच्या पुस्तकात दिलेली असते. १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र ३६० व्होल्टला भरलेले असले, तर त्यात सुमारे ६५ ज्यूल ऊर्जा असते. अकरावीच्या मुलांनी सूत्राने ताळा करून पाहावा. इतरांसाठी सांगते: एक किलोचा नारळ साडेसहा मीटर उंचीवरून पडला की जेवढी ऊर्जा होईल, तेवढी ही आहे. माडाखाली उभे राहू नये हे गोव्यातल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

वेळ भरल्यावर, मोजे हातात ठेवूनच, त्याने मीटर घेतला. परंतु आधी तो एका चांगल्या बॅटरीला लावून पाहिला, मग गाडीच्या तारांना लावला, आणि शून्य आल्यावर पुन्हा त्या चांगल्या बॅटरीला लावला. मीटरच बिघडलेला असेल तर तोही शून्यच दाखवील. एवढी साधी गोष्ट, पण मला स्वतःला ती सुचली नसती. जर्मनीत विजेचे काम शिकणाऱ्यांकडून पाच नियम पाठ करून घेतात, त्यांतले पहिले तीन हेच आहेत: तोडा, पुन्हा जोडले जाणार नाही अशी तजवीज करा, आणि दाब नाही याची खात्री करून घ्या.

एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. प्लग काढल्याने बाहेरच्या तारा मृत होतात, बॅटरी मरत नाही. साखळी बरोबर मधोमध तुटली असे धरले, तरी तिच्या प्रत्येक अर्ध्यात १८० व्होल्ट शिल्लक असतातच. म्हणून बॅटरीची पेटी उघडणे हे वेगळे शिक्षण घेतलेल्यांचेच काम आहे. बुडालेल्या गाडीचीही तीच गोष्ट. २०२२ साली अमेरिकेतील फ्लॉरिडात इयान वादळाने समुद्राचे पाणी आत शिरले, तेव्हा खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्या नंतर पेटल्या. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी अशी गाडी घरापासून दूर, मोकळ्यावर ठेवावी व जाणत्याला बोलवावे.

कार्यशाळेच्या भिंतीला एक लांब दांडा टांगलेला होता, त्याच्या टोकाला मोठा आकडा. कोणी विजेला चिकटला तर त्याला ओढून काढण्यासाठी तो आहे. दांडा वीज न वाहणाऱ्या पदार्थाचा असतो. चिकटलेल्याला हाताने धरले तर दोघे जातात. म्हणून उच्च दाबाचे काम तेथे कोणी एकटा करीत नाही. दुसरा माणूस हात न लावता नुसता उभा असतो. धक्का बसलेला मनुष्य "मला काही झाले नाही" म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढून घेतात. हृदयाची गडबड काही तासांनीही उद्भवू शकते.

पुष्कळांच्या घरी आता विजेच्या स्कूटर आल्या आहेत. त्यांचा दाब बहुधा ४८ ते ७२ व्होल्ट असतो, म्हणून धक्क्याची भीती कमी, भाजण्याची मात्र तशीच. चार्जिंगचा तिसरा पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटात खुपसण्याची चाल मी दोन घरी पाहिली आहे. बिघाड झाला तर वीज जमिनीत नेणारी वाट तो तिसरा पिनच होय.

काम संपल्यावर सर्व उलट्या क्रमाने जोडले. सर्व्हिस प्लग बसविण्याची वेळ आली, तेव्हा मामांनी तो कोठे आहे म्हणून चोहीकडे पाहिले. विद्यार्थ्याने हसून खिशातून काढला. परत येताना मामांनी वाटेत गाडी थांबवून रंगाच्या दुकानातून नारिंगी रंगाचा एक लहान डबा विकत घेतला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, "या रंगाच्या तारेला हात लावण्यापूर्वी मला विचारावे," आणि त्याखाली आपले नाव न घालता त्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक घातला.