मायक्रोवेव्हचं वजन कुठे असतं?

जुना मायक्रोवेव्ह ओव्हन दोन्ही हातांनी उचलला की तो उजवीकडे कलतो. डावीकडे, जिथे आपण भांडं ठेवतो, तिथे पत्र्याची पोकळ पेटी असते. खरं वजन उजवीकडे, बटणांच्या मागे दडलेलं असतं. नवे काही ओव्हन उचलले तर असा कल जाणवत नाही; ते एका हाताने ओट्यावरून सरकवता येतात. "आमचा जुना वीस वर्षं चालला, हा चार वर्षांत गेला" ही तक्रार ज्या घरांत ऐकू येते, तिथे वजनाचा उल्लेखही हटकून येतो. जड ते टिकाऊ, असा आपला पिढीजात हिशेब. तो कितपत खरा आहे हे पाहायचं तर त्या उजव्या कप्प्यात काय काय बसवलेलं असतं ते समजून घ्यावं लागतं.

कागदावर समजून घ्यावं, एवढंच. मायक्रोवेव्हचं झाकण घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. तो आपोआप ओसरावा म्हणून आत एक रोधक बसवलेला असतो, पण तोच निकामी झालेला असला तर बाहेरून काहीच कळत नाही. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रात हा धोका एवढा मोठा नाही.

तर उजव्या कोपऱ्यातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे ट्रान्स्फॉर्मर. लोखंडी पत्र्याच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचून केलेला गाभा आणि त्याभोवती तारेची वेटोळी. घरातली २३० व्होल्टची वीज इथे सुमारे २००० व्होल्टपर्यंत चढते. त्याच गाभ्यावर जाड तारेचे दोनचार वेढे वेगळे असतात, ते जेमतेम ३ व्होल्ट देतात. त्यांचं काम पुढे येईल. या ट्रान्स्फॉर्मरमध्ये एक साधी, पण फार हुशार सोय आहे. दोन वेटोळ्यांच्या मधे लोखंडाचे छोटे ठोकळे ठोकून बसवलेले असतात. चुंबकत्वाचा काही भाग त्यांतून आडवाटेने निघून जातो, त्यामुळे पुढच्या भागाने जास्त वीज ओढायचा प्रयत्न केला तरी ट्रान्स्फॉर्मर ती देत नाही. म्हणजे प्रवाहावर नियंत्रण ठेवायला वेगळं सर्किट नको, चिप नको, फक्त लोखंडाचे दोन तुकडे. ते बिघडणार तरी कसे? जुना ओव्हन चालू असताना येणारा तो भरदार घूंकार याच गाभ्याचा. विजेच्या प्रत्येक आवर्तनात पट्ट्या दोनदा ताणल्या जातात, म्हणून आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो १०० हर्ट्झचा सूर धरतो.

ट्रान्स्फॉर्मरनंतर एक कपॅसिटर आणि एक डायोड. दोघं मिळून व्होल्टेज जवळजवळ दुप्पट करतात, ४००० व्होल्टच्या घरात नेतात. ही वीज पोचते मॅग्नेट्रॉनमध्ये.

मॅग्नेट्रॉन म्हणजे तांब्याचा एक पोकळ ठोकळा. त्याच्या आतल्या कडेने लहान लहान कप्पे असतात आणि मधोमध एक तापणारी तार. ट्रान्स्फॉर्मरचे ते ३ व्होल्ट हिला तापवण्यासाठी. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ४००० व्होल्टच्या ओढीने तांब्याकडे झेपावतात. पण वर आणि खाली बसवलेली चकतीसारखी चुंबकं त्यांना सरळ जाऊ देत नाहीत, गरगर फिरवतात. फिरता फिरता ते कप्प्यांच्या तोंडावरून जातात आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली जशी एकाच स्वरात घुमते, तसा प्रत्येक कप्पा एका ठरावीक कंपनाने घुमू लागतो. घरगुती ओव्हनमध्ये हे कंपन २.४५ गिगाहर्ट्झचं असतं, सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तनांचं. वाय-फायचा एक पट्टाही याच्याच शेजारचा, म्हणून ओव्हन चालू असताना कधीकधी मोबाइलवरचा व्हिडिओ अडखळतो.

ही वस्तू स्वयंपाकासाठी जन्मलेलीच नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० मध्ये कप्प्यांचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला तो शत्रूची विमानं आणि पाणबुड्या हुडकणाऱ्या रडारसाठी. त्याच वर्षी ब्रिटिशांनी तो अमेरिकेला नेऊन दाखवला. तिथे रेथिऑन कंपनीत मॅग्नेट्रॉनच्या उत्पादनावर काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली मिठाई यंत्राजवळ उभं असताना वितळली, अशी गोष्ट सांगतात; १९४५ मध्ये त्यांनी या लहरींनी अन्न शिजवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, एवढं मात्र कागदोपत्री आहे. त्यातून निघालेला पहिला ‘रडारेंज’ माणसाएवढा उंच होता, वजन ३४० किलोच्या आसपास, आणि थंड ठेवायला त्यात पाणी खेळवावं लागे. ओट्यावर मावेल असा अमाना कंपनीचा ओव्हन १९६७ मध्ये ४९५ डॉलरला आला. आजच्या हिशेबाने ते साडेचार हजार डॉलरच्या पुढे जातात. हा आकडा लक्षात असू द्या.

मॅग्नेट्रॉनच्या टोकातून निघालेल्या लहरी पत्र्याच्या चौकोनी नळीतून पेटीत येतात. नळीच्या तोंडावर पुठ्ठ्यासारखा दिसणारा एक करडा-पिवळट तुकडा असतो. तो पुठ्ठा नव्हे, मायका शीट, म्हणजे अभ्रक. लहरींना वाट द्यायची आणि वाफ, तेल यांना अडवायचं, हे त्याचं काम. पेटीत लहरी भिंतींवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात, आणि काही जागी जोर वाढतो तर काही जागी जवळजवळ शून्य होतो. तरंगलांबी १२ सेंटिमीटरच्या किंचित वर, म्हणून जोराच्या दोन जागांमधलं अंतर साधारण ६ सेंटिमीटर. पाहायचं असेल तर काचेची थाळी आणि खालचं चाक काढून ठेवा, पेटीत एक साधी बशी पालथी घाला आणि तिच्यावर कच्चा उडदाचा पापड ठेवून अर्धं मिनिट चालवा. पापड सगळीकडे सारखा भाजत नाही. काही ठिकाणी पांढरे फुगीर ठिपके उमटतात, मधला भाग कच्चाच राहतो. यावरचा उतारा म्हणून सुरुवातीच्या ओव्हनमध्ये छताजवळ पत्र्याचा एक पंखा लहरी ढवळत फिरे; पुढे जपानच्या शार्पने १९६६ मध्ये अन्नच फिरवणारी थाळी आणली आणि तीच रूढ झाली.

आता टायमर. गोल खटका फिरवायचा, शेवटी ‘टिंग’. जुन्या ओव्हनबद्दल जी हळहळ आहे तिच्यात या घंटीचा वाटा मोठा असावा. खटक्यामागे विजेच्या तालावर चालणारी छोटी मोटर, दातेरी चाकं आणि घंटेवर पडणारी हातोडी. बस. मोटर आवर्तनं मोजते, वेळ नव्हे, हे अमेरिकेहून परतलेल्या मंडळींना चांगलं ठाऊक असेल. तिथला ओव्हन १२० व्होल्टचा, म्हणून सामानाबरोबर व्होल्टेज उतरवणारा डबा आणला, तरी तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. हा फरक त्या डब्याने जात नाही. टायमरचं एक मिनिट इथे ७२ सेकंदांचं होतं. आकडे दाखवणारं घड्याळही विजेच्या आवर्तनांवर चालणारं असेल, तर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. त्याहून वाईट म्हणजे ६० हर्ट्झला बेताचा बनवलेला गाभा ५० वर जास्त तापतो. असा ओव्हन भारतात येऊन लवकर दगावला तर दोष त्याच्या घडणीचा नाही.

दाराचा भाग मला या यंत्रात सगळ्यात आवडतो. काचेतल्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची, १२ सेंटिमीटरच्या लहरीला त्यांतून वाट नाही. दाराच्या कडेने मात्र फट राहतेच. तिच्यासाठी चौकटीत आतल्या बाजूने एक खाच ठेवलेली असते. तिची खोली अशी मोजून घेतात की फटीत शिरलेली लहर परत फिरून स्वतःलाच मारते. शिवाय कडीच्या आत तीन छोटे स्विच. दोघं दार उघडताच वीज तोडतात. त्यांतला एखादा चिकटून बसला आणि दार उघडलं तरी वीज चालूच राहिली, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणजे ओव्हन बंद पडला आणि फ्यूज गेलेला निघाला, तर बऱ्याचदा खरा रोगी दाराचा स्विच असतो. नुसता फ्यूज बदलून दिला की तो पुन्हा उडतो, आणि मग "मशीनच गेलंय" असा निकाल लागतो. शंभर-दोनशे रुपयांच्या स्विचपायी चालते ओव्हन भंगारात जातात ते असे. अमेरिकेत १९७१ पासून लागू झालेल्या नियमानुसार ओव्हनच्या संपूर्ण आयुष्यात ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटपेक्षा जास्त गळती चालत नाही. त्याआधीच्या ओव्हनची दारं आजच्याइतकी विश्वासाची नव्हती, हेही जुन्याचं कौतुक करताना विसरू नये.

मग फरक पडला कुठे? मुख्यतः नियंत्रणात. खटक्याच्या जागी प्लॅस्टिकच्या पडद्याखालची बटणं आली, टायमरच्या जागी सर्किट बोर्ड आणि रिले. बटणांचे पातळ थर वाफेने आणि रोजच्या दाबण्याने झिजतात. ‘स्टार्ट’ सगळ्यात आधी जातं, कारण तेच सगळ्यात जास्त दाबलं जातं. बोर्डाजवळ ऊब असते, अंधार असतो, म्हणून झुरळं तिथे बिऱ्हाड करतात. आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास. वीज जाऊन येताना बसणारा झटकाही आधी बोर्डाला लागतो. लोखंडाच्या गाभ्याला यातल्या कशाचंच सोयरसुतक नाही.

काही नव्या ओव्हनमध्ये तर गाभाच गेला. इन्व्हर्टर ओव्हन घरची वीज आधी हजारो हर्ट्झच्या वेगाने तोडून घेतो. वेग वाढला की ट्रान्स्फॉर्मर मुठीएवढा पुरतो, म्हणून हे ओव्हन हलके. याचा फायदा खरा आहे. जुना ओव्हन मंद होऊच शकत नाही. ‘मीडियम’ म्हणजे काही सेकंद पूर्ण जोर, काही सेकंद बंद. त्यामुळे गोठलेलं मटण कडेने शिजतं आणि मधे दगड राहतं. इन्व्हर्टर खरोखर मंद आच देतो, वीजही थोडी कमी खातो. पण तो गेला की अख्खा बोर्ड बदलायचा, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नवाच घेतो.

टिकाऊपणाच्या गप्पांत दोन गोष्टी निसटतात. पहिली किंमत. १९६७ चा तो ओव्हन घेणाऱ्याने आजच्या लाखो रुपयांच्या तोलाची रक्कम मोजली होती. आपण पाच-सात हजारांत सोलो ओव्हन घेतो आणि तुलना त्याच्याशी करतो. स्वस्ताईसाठी गाभ्यातलं लोखंड कमी झालं, तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची तार आली, ट्रान्स्फॉर्मर जास्त तापू लागला आणि पंख्यावर भिस्त वाढली. दुसरी गोष्ट म्हणजे जे जुने ओव्हन तिसऱ्या वर्षी गेले, त्यांची आठवण कोणी काढत नाही. मॅग्नेट्रॉनचं आयुष्य ढोबळमानाने २००० तास धरतात. रोज पंधरा मिनिटं वापर असेल तर हे जवळजवळ बावीस वर्षं होतात, जुन्यात आणि नव्यातही. नवा ओव्हन मरतो तेव्हा त्याचं काळीज बहुधा धडधाकट असतं.

जड ते टिकाऊ हा हिशेब त्यामुळे अर्धाच बरोबर. खरा प्रश्न असा, की झिजणारा भाग कोणता आणि तो एकटा बदलता येतो का. आपला मिक्सर पाहा. मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुरांनी १९६० च्या दशकात ‘सुमीत’ घडवला, कारण घरातल्या परदेशी यंत्राला आपलं वाटण-घाटण झेपेना. त्याची मोटर हलकी मुळीच नव्हती, पण मिक्सर पिढ्यान्‌पिढ्या चालले ते दुसऱ्या कारणाने. मोटरमधले कार्बन झिजतात, भांड्याखालचा कपलर तुटतो, बुश ढिला होतो. हे तिन्ही गल्लीतल्या दुकानात मिळतात आणि कारागीर समोर उभं राहून बसवून देतो. जास्त भार आला तर बुडाचं लाल बटण उसळतं आणि मोटर वाचते. झीज कुठे होणार हे आधीच ठरवून टाकलेलं.

मायक्रोवेव्हच्या बाबतीतही असे भाग आहेत, आपण ते विचारत नाही इतकंच. आत ठिणग्या उडू लागल्या तर बहुतेक वेळा मायका शीटवर तेल जळून कोळसा झालेला असतो. अशा वेळी ओव्हन लगेच बंद करावा. कोरी शीट पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधता येते आणि कात्रीने मापात कापून बसवता येते. थाळी फिरेनाशी झाली तर खालची छोटी मोटर वेगळी मिळते. दिवा आणि थाळी चालतात, ओव्हन घूं करतो, पण अन्न गार राहतं, तेव्हा कारागिराला आधी डायोड आणि कपॅसिटर तपासायला सांगावं, लगेच मॅग्नेट्रॉन बदलू देऊ नये. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. कंपनीची दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील एका जागी मिळावा हा त्याचा हेतू. आणि जुना गेलाच, नवा घ्यायची वेळ आलीच, तर दुकानाच्या खालच्या फळीवर दोन गोल खटक्यांचा सोलो ओव्हन अजून मिळतो. विक्रेता तो आपणहून दाखवणार नाही. मागून घ्यावा, आणि पैसे देण्याआधी उजवा कोपरा उचलून पाहावा.